संस्कारांच्या आड लपलेले शासन

दर वर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या निमित्ताने, आपल्याकडे एक ठरावीक भाषण होते. वक्ते बदलतात, भाषण बदलत नाही. पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणाने एकत्र कुटुंब मोडले, मुले स्वार्थी झाली, सुनांना सासू-सासरे नकोसे झाले आणि म्हणून वृद्धाश्रम उभे राहिले. ज्या दिवशी शेवटचा वृद्धाश्रम बंद पडेल तो भारतीय संस्कृतीच्या विजयाचा दिवस असेल, असा त्या भाषणाचा मथितार्थ. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होते, सभा संपते. सत्ताधारी पक्षांचे पुढारी असे बोलतात यात नवल नाही. त्यांना ते सोयीचेच आहे. परंतु आपल्या व्यासपीठावरूनही, थोड्या सौम्य शब्दांत, हेच ऐकावयास मिळू लागले आहे. तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे प्राप्त आहे.

सर्वच वृद्धांविषयी मला येथे लिहावयाचे नाही. ज्यांची स्मृती गेली आहे, अशा वृद्धांविषयी आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरांविषयी लिहावयाचे आहे. वैद्यकशास्त्र ज्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणते, त्याला आमच्या दिघोरीकडे म्हातारचळ म्हणतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर सर्व महाराष्ट्रात चालते. एकदा म्हण लागू केली की आजार हा आजार राहत नाही, तो वयाचा धर्म ठरतो. आणि वयाच्या धर्मावर ना दवाखाना उघडावा लागत, ना अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत. आलॉईस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली आपल्या एका मृत रुग्णाईत स्त्रीच्या मेंदूतील विकृती शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली. त्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. आमचे शासन मात्र अद्याप म्हणीवरच थांबलेले दिसते.

हा रोग शहरातील सुखवस्तू, दीर्घायुषी लोकांचा आहे, अशी आपल्या अनेक कार्यकर्त्यांची समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. देशव्यापी पाहणीवर आधारलेला जो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक, आणि शिक्षण जितके कमी तितका धोका जास्त. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे दिली, त्यांत अपुरे शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह ही आहेत. याचा अर्थ असा की ज्या मुलीला सत्तर वर्षांपूर्वी शाळेत घातले नाही, जिच्या डोळ्यांतील मोतीबिंदू वेळेवर काढला नाही, जिचा रक्तदाब कोणी मोजला नाही, तिलाच म्हातारपणी हा रोग गाठण्याची शक्यता अधिक. रोगालाही वर्ग असतो, हे आपण क्षयाच्या बाबतीत मान्य केले. येथे ते मान्य करावयास आपल्याला इतका उशीर का लागावा?

पाच हजार वस्तीचे गाव घ्या. साठीपुढील माणसे दहा टक्के धरली तर ती पाचशे होतात, आणि वरील प्रमाणाने त्यांत सदतीस जण स्मृती गमावलेले निघतात. हे सदतीस जण कोठे आहेत? वृद्धाश्रमात नाहीत, कारण तो नाही. दवाखान्यात नाहीत, कारण तेथे त्यांच्यासाठी काही नाही. ते घरात आहेत. पडवीत खाट, खाटेशेजारी पाण्याचा लोटा, आणि दाराला बाहेरून कडी. आमच्या भागातले स्मृतिभ्रंशाचे शुश्रूषागृह ते हेच.

बाहेरून कडी का, हे ज्याला धानाच्या मुलखातले दिवस ठाऊक आहेत त्याला सांगावे लागत नाही. आषाढात रोवणी सुरू झाली की घरातल्या बाया पहाटे बांधीत उतरतात, त्या दिवस मावळता परततात. वर्षाच्या मजुरीचा मोठा भाग त्या तीन-चार आठवड्यांत मिळतो. अशा वेळी घरात जी म्हातारी आहे तिच्यापाशी कोणी बसायचे? माझ्या परिचयाच्या एका घरात सासूला रात्री-अपरात्री रोवणीची आठवण होते. चाळीस वर्षे तिने पऱ्हे उपटले आणि लावले. बाकी सारे पुसले गेले, तेवढे राहिले आहे. ती उठते, पदर खोचते आणि अंधारात धुऱ्याने चालू लागते. एकदा पाणी भरलेल्या बांधीत पहाटेपर्यंत बसलेली सापडली. तेव्हापासून सुनेने रोवणीला जाणे सोडले. “बुढीले सोडून कशी जाऊ, सर? अन् कडी लावून गेली त लोक म्हनतेत कोंडून ठेवली,” असे ती मला म्हणाली. तिच्या बुडालेल्या मजुरीची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही, आणि तिने घरात केलेल्या कामाचीही होत नाही. मी आयुष्यभर हे तक्ते विद्यार्थ्यांना शिकवले. २०१९ सालच्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात गेल्याचे आढळले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. ज्या व्यवस्थेला ‘कुटुंबसंस्था’ म्हणून ओवाळले जाते, तिचा पाया या २९९ मिनिटांवर रचलेला आहे. संस्कारांची भाषणे करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या बापाचे ओले धोतर स्वतः बदलले आहे, हे एकदा सभेतच विचारावे असे मला फार वाटते.

आता ज्यांनी आपले माणूस संस्थेत ठेवले, त्यांचा अनुभव पाहू. शेजारच्या गावातील एका निवृत्त शिक्षकांच्या मुलांनी वडिलांना प्रथम एका मोठ्या शहरातील खासगी शुश्रूषागृहात ठेवले. अनामत रक्कम आगाऊ, महिन्याचा आकार निराळा, औषधे, लंगोट आणि डॉक्टरांची भेट आणखी निराळी. इमारत स्वच्छ होती, बाग होती, कॅमेरे होते. तीन महिन्यांत वडिलांचे वजन उतरले आणि ते दिवसभर गुंगीत राहू लागले. मुलांनी विचारले, तेव्हा “आता ते शांत झाले आहेत” असे उत्तर मिळाले. कोणते औषध, किती, कोणाच्या सांगण्यावरून, हे कागदावर कोणी दिले नाही. पुढे एके दिवशी “रुग्ण आक्रमक झाला आहे, घेऊन जावे” असा निरोप आला. हीच मुले पुढे दुसऱ्या, साध्या संस्थेत गेली. तेथे बाग नव्हती. पण तेथे कामाला असलेली गडचिरोलीकडची एक बाई गुरुजींशी त्यांच्याच झाडीबोलीत बोलत असे. ते तिला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारीत आणि तिच्या हातचा भात निमूटपणे खात. लाखोळीच्या डाळीचे वरण त्यांना लागते, हे तिने कोणी न सांगता ओळखले. गुरुजी तेथे दोन वर्षे, मुलांच्या शब्दांत सांगायचे तर, माणसासारखे राहिले. त्या बाईला बारा तासांच्या पाळीचे महिन्याला बारा हजार रुपये मिळत. सुटी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. तिची स्वतःची आई गावाकडे कोणापाशी होती, हे गुरुजींच्या मुलांनी कधी विचारले नाही; आणि त्यांना दोष देण्याचाही माझा इरादा नाही. कारण दोन्ही वेळा, चांगल्या अनुभवाच्या आणि वाईट अनुभवाच्या, गावाने त्यांना एकच गोष्ट ऐकवली: “बापाला टाकून आले.”

या एका वाक्याने मराठी मध्यमवर्गाच्या मनावर किती काळ राज्य केले आहे! ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून म्हातारपणाचा प्रश्न म्हटला की आपल्याला कृतघ्न मुले आठवतात. नाटक थोर आहे, त्याविषयी वाद नाही. पण नाटकातला बाप भानावर आहे, आपल्यावर काय गुदरले ते त्याला कळते आणि बोलता येते. ज्याला आपली मुलेच ओळखू येत नाहीत, त्याचा प्रश्न कृतज्ञतेने सुटत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट या बाबतीत अधिक खरा आहे. त्यातले स्मृती हरवलेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या गरीब कुटुंबात पोचतात. तेथे त्यांचे जे केले जाते ते माहुताची बायको करते. प्रेक्षक तिच्या मायेने गहिवरतो. मला त्या मायेमागे श्रमही दिसतात, आणि श्रम आहेत तेथे मोबदल्याचा प्रश्न आहेच.

आता थोडा हिशेब. शहरांतील स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषागृहांचा आकार सामान्यतः महिन्याला तीस-चाळीस हजार रुपयांपासून सुरू होतो. तीस हजार धरले तरी वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या सांभाळासाठी सुमारे १५२ क्विंटल धान विकावे लागेल. एकरी सोळा क्विंटल उतारा आला, तर साडेनऊ एकरांचे संपूर्ण पीक. त्यातून बियाणे, खत, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे काही वजा करायचे नाही आणि घरच्यांनी वर्षभर काही खायचे नाही. आमच्याकडे दोन-तीन एकरांचा मालक स्वतःला शेतकरी म्हणवतो. दुसऱ्या बाजूस श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ठेवा. २०२३ साली ते १,५०० रुपये झाले. त्यातला केंद्राचा वाटा, ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी, २०० रुपयांचा आहे. दोनशे रुपयांत श्रावणबाळाची कावडही येणार नाही. आणि समजा उद्या ही रक्कम पाच हजार केली, तरी दिघोरीत त्या पैशाने विकत घ्यावयाचे काय? जी सेवाच अस्तित्वात नाही तिची खरेदी होत नाही. खात्यात पैसे टाकले की कर्तव्य संपले, ही अलीकडची जी राजनीती आहे, तिचे हे मर्म आपण लोकांना समजावून सांगितले पाहिजे.

केंद्र सरकार म्हणेल की २०२४ साली सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांचे आयुष्मान संरक्षण दिले. दिले, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. स्मृती गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षे रुग्णालयाची खाट लागत नाही. त्याला दिवसरात्र माणसाचा हात लागतो. मांडी मोडली तर विमा धावून येईल, मांडी मोडू नये म्हणून जो शेजारी बसतो त्याला काही नाही. समाजकल्याण खात्याच्या योजनेत अल्झायमरच्या रुग्णांच्या निवासासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची सोय आहे, हेही खरे. परंतु अनुदान तेथेच पोचते जेथे आधीपासून कोणी इमारत, नोंदणी आणि हिशेबनीस घेऊन उभा आहे. लाखांदूर तालुक्यात असा कोणी उभा राहील, अशी वाट किती वर्षे पाहायची?

कायद्याची भाषा तर या साऱ्यावर कळस चढवते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली झाला. त्यात मुलांवर निर्वाहाची जबाबदारी बंधनकारक आहे. न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवू शकते, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम वाचा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे एक तरी गृह राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’! मुलाला ‘केलेच पाहिजे’, शासनाला ‘करू शकेल’. संस्कारांचे भाषण आणि हे क्रियापद यांचे नाते ज्याला दिसत नाही, त्याने राजकारण करू नये. मुलगा दोषी ठरला की शासन आपोआप निर्दोष ठरते.

शिवाय दीडशे जणांची एक बराक जिल्ह्याच्या गावी बांधली, तरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा प्रश्न सुटणार नाही. अशा माणसाला अनोळखी गर्दी सोसत नाही. ओळखीची भाषा, ओळखीचे अन्न, ओळखीचा रस्ता, एवढ्यावर त्याचा दिवस उभा असतो. म्हणून त्याचे घर लहान हवे आणि जवळ हवे. दहा-पंधरा जणांचे एक निवासी गृह तालुक्याला, आणि मोठ्या गावांत दिवसापुरते सांभाळघर, निदान रोवणी आणि कापणीच्या महिन्यांत. ही कल्पना परकी वाटेल त्यांनी अंगणवाडीकडे पाहावे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा सहा वर्षांखालील मूल हे केवळ आईचे काम नाही, हे या देशाने तत्त्वतः मान्य केले. कोणाची कुटुंबसंस्था त्याने बुडाली नाही. जे सहा वर्षांच्या आत मान्य, ते सत्तरीनंतर अमान्य का? मात्र अंगणवाडीतली एक लबाडी येथे येऊ देता कामा नये. सेविकेला ‘मानधन’ देऊन तिचे वेतन बुडवण्याची पद्धत तेथे पडली. आशा कार्यकर्तीच्या बाबतीत तीच पुढे चालवली गेली. वृद्धांना सांभाळणाऱ्या बाईला वेतनश्रेणी, साप्ताहिक सुटी आणि रीतसर प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. खासगी गृहांतील आणि ब्युरोमार्फत घरोघर जाणाऱ्या बायांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर मालकांकडून वर्गणी घेणारे मंडळ काढता येईल. १९६९ साली हमालांसाठी तो कायदा करून घेणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही.

सांभाळाचे काम यंत्राने स्वस्त होत नाही. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने विल्यम बोवेन यांच्यासह १९६६ सालीच दाखवून दिले की जेथे माणसाचा वेळ हीच सेवा असते, तेथे उत्पादकता वाढत नाही. पण इतरत्र वेतने वाढली की त्या सेवेचा खर्च मात्र वाढत जातो. एक बाई एका वेळी दोन म्हाताऱ्यांना घास भरवू शकेल, दहांना नाही. ही सेवा बाजारावर सोपवली तर ती श्रीमंतांसाठी महाग आणि इतरांसाठी फुकट, म्हणजे सुनेच्या कष्टांवर, चालत राहणार. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सामाजिक विमा सुरू केला, तो भूतदयेपोटी नव्हे, याच हिशेबापोटी. जपानमध्ये चाळिशीपुढील प्रत्येक जण वर्गणी भरतो आणि सुमारे निम्मा भार करांतून उचलला जातो. जर्मनीत घरी सांभाळ करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीदेखील हा विमा भरतो. ते श्रीमंत देश आहेत, असे म्हणून कोणी हात झटकील. मग केरळ घ्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी काम करणारी देशव्यापी संस्था १९९२ साली कोचीत सुरू झाली आणि तिच्या सहकार्याने २०१४ साली केरळ शासनाने ‘स्मृतिपथम्’ हा उपक्रम हाती घेतला. तो पुरेसा नाही. पण हे काम शासनाचे आहे, एवढे तेथे कबूल केले गेले.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने मला विचारू नये. रोजगार हमीसाठी पैसा नाही असे जेव्हा सांगितले गेले, तेव्हा याच राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवला, शहरातील पगारदारांकडून तो वसूल केला आणि १९७७ साली हमीचा कायदा केला. नागरी उत्पन्नातून ग्रामीण श्रमिकाचा हक्क उभा राहिला. त्या व्यवसाय कराला वर्षाला अडीच हजार रुपयांची संवैधानिक मर्यादा आहे. ती १९८८ सालची आहे आणि तेव्हापासूनच्या महागाईने तिची किंमत कितीशी उरली ते सांगणे नको. मर्यादा वाढवा आणि वाढीव रक्कम शुश्रूषेच्या निधीकडे वळवा, ही मागणी आपला पक्ष करू शकतो. ती करताना आपलेच पगारदार मतदार कुरकुरतील, हेही गृहीत धरावे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, त्याला बगल देता येणार नाही. शासकीय संस्था म्हणजे अनास्था, तेथे माणूस ठेवण्यापेक्षा घरी कडी बरी, असे लोक म्हणतात. भंडाऱ्याच्या माणसाला तर हे कोणी शिकवायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. ज्यांना बोलता येत नाही त्यांची संस्था बिनदेखरेखीची सोडली तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. स्मृती गेलेल्या माणसालाही तक्रार सांगता येत नाही. काल त्याला मारले की जेवू घातले, हे त्याला आज आठवत नाही. म्हणून शासकीय असो वा खासगी, प्रत्येक गृहावर नातेवाइकांचा समावेश असलेली तपासणी समिती हवी, तिला पूर्वसूचनेशिवाय आत जाण्याचा अधिकार हवा, आणि दिलेल्या प्रत्येक गुंगीच्या औषधाची नोंद नातेवाइकांना पाहता आली पाहिजे. शासकीय रुग्णालय जळाले म्हणून शासकीय रुग्णालये नकोत, असे आपण तेव्हा म्हटले नाही. आताही म्हणू नये.

आपल्याच काही साथींशी मला थोडे बोलावयाचे आहे. हा प्रश्न ‘मध्यमवर्गीय’ आहे, संघटित करता येणार नाही, यात मोर्चा निघत नाही, असे ते म्हणतात. मोर्चा निघत नाही हे खरे, कारण जी सून मोर्चाला यायची ती पडवीत बसली आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने अशोक मेहतांना लोकसभेवर पाठवले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पडले, ही या जिल्ह्याची दुखरी बाजू आहे. त्या सभा ज्यांनी कोवळ्या वयात ऐकल्या, ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतल्या काहींना ते नाव आता ओळखीचे वाटत नाही.

तालुका समितीच्या पुढील बैठकीत मी जो ठराव मांडणार आहे त्याचा तपशील वर आलाच आहे. तोपर्यंत प्रत्येक शाखेने एक काम करावे. माहितीच्या अधिकाराखाली जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज द्यावा आणि विचारावे: कलम १९ खालील गृह जिल्ह्यात कोठे आहे, त्यात किती माणसे आहेत, त्यांपैकी स्मृतिभ्रंशाचे किती, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना काय वेतन दिले जाते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. न आल्यास अपील करावे, आणि आलेले उत्तर या साप्ताहिकाकडे पाठवावे.